विकाऊ घराची ऊब

शंतनूला आपण फोन केला होता आणि तो निघालाय, असं शॅरनने दारातच सांगितलं, तेव्हा माझा एक पाय बुटातून बाहेर आणि दुसरा अजून आतच होता. शॅरन म्हणजे घरं विकणारी बाई. शंतनू म्हणजे माझा मुलगा. या दोघांची या जन्मात गाठ पडू नये अशी माझी मनापासून इच्छा होती, कारण शॅरनच्या समजुतीप्रमाणे मी आणि माझे यजमान न्यू लिन या उपनगरातलं हे नवंकोरं दुमजली घर विकत घेणार होतो आणि शंतनूच्या समजुतीप्रमाणे आम्ही दर रविवारी पाय मोकळे करायला जात होतो. फोनवर तो फार चकित झाला म्हणे. शॅरनने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. आईबापांनी गुपचूप घर बघून ठेवलंय या आनंदाने तो चकित झाला असावा, असं तिला वाटत होतं. खरं तर तिथल्या तिथे बूट चढवून परत फिरायला हवं होतं. पण दार उघडं होतं, बाहेर जुलै महिन्यातला बारीक पाऊस होता आणि आतून ऊब येत होती. पकडलंच जायचं असेल तर निदान गरम हवेत पकडलं जावं, असा मी विचार केला, दुसराही बूट काढला आणि भिंतीवरच्या हीटपंपाखाली जाऊन उभी राहिले. हे आधीच आत पोचले होते आणि सिंकखालचं कपाट उघडून पाइपांचा उतार तपासत होते. त्यांचं नाव विश्वनाथ. शॅरन त्यांना विश म्हणते. बेचाळीस वर्षांच्या संसारात मला जे जमलं नाही ते तिला तीन रविवारांत जमलं.

तोंडावर गरम वारा यायला लागला की माझं पुढचं डोकं बंद पडतं आणि मागचं चालू होतं. आमच्या घरात, म्हणजे शंतनूच्या, म्हणजे खरं तर शंतनूच्या घरमालकाच्या घरात, हीटपंप एकच आहे आणि तो हॉलमध्ये. हॉल गरम व्हायला हवा असा इथला कायदा आहे, म्हणून मालकाने तेवढी सोय केली. झोपायच्या खोल्यांबद्दल कायदा काही म्हणत नाही, त्यामुळे मालकही काही म्हणत नाही. आम्हा दोघांची खोली मागच्या अंगाला, दक्षिणेची. इथे सूर्य उत्तरेकडून जातो हे कळेपर्यंत मी महिनाभर कपडे चुकीच्या बाजूला वाळत घालत होते आणि ते वाळत का नाहीत म्हणून कपड्यांनाच बोलत होते. सकाळी उठलं की खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत असतं. मी ते टॉवेलने टिपते आणि टॉवेल पिळते. यांची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, सगळा जन्म ओल शोधण्यात गेला, पण पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरलीय त्याबद्दल त्यांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही. पलंग तेवढा पुढे ओढून घेतला. मुलाच्या घरातली ओल बापाने बघायची नसते, असं त्यांनी ठरवलं असावं. एप्रिलपासून विजेचा दर आणखी वाढला आणि तेव्हापासून घरात सगळेच आंधळे, मुके आणि बहिरे झाले. शंतनू म्हणायचा, आई, दिवसभर खुशाल लाव, बिलाचं मी बघतो. तो कामावर गेला की मी हीटपंप बंद करायची आणि तो यायच्या जरा आधी लावायची. पुढे लक्षात आलं की माझी सून मनालीही हेच करते. ती एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काही दिवस जाते, उरलेले दिवस घरी असते, आणि मी फेरी मारून आले की माझी चाहूल लागल्यावर पटकन बटण दाबते. एकदा आम्ही दोघींनी एकाच वेळी रिमोटला हात घातला. तिलाही कळलं, मलाही कळलं, आणि दोघी पोह्यांबद्दल बोलायला लागलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण आतली बोटं गारठलेली असतात त्याचं काय.

शंतनूला मी दोष देत नाही. तो इथे आला तेव्हा काँप्युटरवर काम करायचा. गेल्या वर्षी त्याच्या कंपनीने माणसं कमी केली आणि आता तो एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. चिंचवडला आम्ही अजून आयटी असंच सांगतो. फोर्कलिफ्टलाही काँप्युटर असतो, असं हे म्हणतात, म्हणजे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही. मनालीला सातवा महिना आहे. तिची आई ती बारा वर्षांची असतानाच गेली, म्हणून बाळंतपणाला मी आले. येताना आठवणीने ओवा आणला, बाळंतशेपा आणल्या, जुन्या मऊ साड्यांची दुपटी आणली, विमानतळावर त्या तरुण अधिकाऱ्यासमोर एकेक पुडी उघडून दाखवली. इतकं करून आता माझी भीती एकच होती, की शंतनू मला बाळ व्हायच्या आधीच परत पाठवील. झालं असं की मागे एकदा रात्री जेवताना मला खोकल्याची उबळ आली आणि ती लवकर थांबेना. शंतनू वरणाकडे बघत म्हणाला, आई, पुण्यात आता हवा काय मस्त असेल ना. तुम्हाला लवकर जावंसं वाटत असेल तर सांगा हं. ज्या मुलाने पुण्याच्या हवेला आयुष्यभर नावं ठेवली तो वरणाला उद्देशून हे बोलला, यातच मला सगळं समजलं. त्या दिवसापासून मी खोकायचं सोडलं. उबळ आली की स्वयंपाकघरात जाते आणि मिक्सर लावते. मिक्सरच्या आवाजात कितीही खोकता येतं. घरात सध्या चार प्रकारच्या चटण्या आहेत आणि मनाली म्हणते, आई, इनफ, आता खोबरं संपलं.

या परक्या घरात यायचं आम्ही काही ठरवलं नव्हतं. इथे घर विकायला काढलं की रविवारी अर्धा तास ते सगळ्यांसाठी उघडं ठेवतात, बाहेर झेंडा लावतात आणि कोणीही आत जाऊन फिरू शकतं. जूनमध्ये एकदा आम्ही फिरायला निघालो, पाऊस आला आणि समोर झेंडा दिसला. उघडं दार आणि नवं बांधकाम दिसल्यावर यांना पुढे जाववलं तर शपथ. आत शिरलो आणि माझ्या चष्म्यावर धुकं धरलं. चष्मा पुसून बघते तर काय, घराचा कोपरा न् कोपरा गरम. जिना गरम, बाथरूम गरम, कोणीच राहत नाही ती खोलीसुद्धा गरम. तिथे माझी छाती मोकळी झाली आणि ती संध्याकाळपर्यंत मोकळी राहिली. त्या दिवशी चटणी केली नाही. पुढच्या रविवारी झेंडा कुठे दिसतोय हे मीच बघत होते. हे आपले प्रामाणिकपणे घर तपासायचे. भिंतीवर बोटांनी टकटक करायचे, गच्चीचं पाणी कुठून जातं विचारायचे, आणि शॅरनला वाटायचं की इतका खोलात जाणारा माणूस म्हणजे पक्कं गिऱ्हाईक. तिने फोन नंबर विचारला तर यांनी शंतनूचा खरा नंबर दिला, वर स्पेलिंगही सांगितलं. हात दाखवून अवलक्षण दुसरं काय. पण यांच्यावर सगळं ढकलण्यात अर्थ नाही, खरी चूक माझी. आपल्याकडे साडीच्या दुकानात बसलं की आपण ढीगभर साड्या उलगडायला लावतो, दोनतीन बाजूला काढतो, काठ जरा भडक आहे म्हणतो आणि उठताना सांगतो, घरी विचारून येते. दुकानदाराला त्याचा अर्थ कळतो, आपल्यालाही कळतो. तो घड्या घालायला लागतो, आपण चपला घालतो आणि कोणाचाच अपमान होत नाही. नको हा शब्द माणसाच्या तोंडावर फेकायचा नसतो, असं मला लहानपणापासून शिकवलंय. म्हणून मी शॅरनलाही माझ्या इंग्रजीत सांगितलं की घर फार सुंदर आहे, ओटा मात्र थोडा खाली वाटतो, मुलाशी बोलून सांगते. तिने ओट्याची उंची मोजून ठेवली आणि मुलाशी बोलण्याचं काम माझ्या अंगावर पडू नये म्हणून स्वतःच करून टाकलं. तिच्या देशात मुलाशी बोलते म्हणणारी बाई खरोखरच मुलाशी बोलते.

शंतनू यायला अजून वेळ होता. मी वरच्या मजल्यावर गेले. तिथे एका डबलबेडवर इतक्या उश्या रचल्या होत्या की झोपणाऱ्याने स्वतः कुठे जायचं हा प्रश्न होता. मी कडेला जरा टेकले. खाली हे एका जोडप्याला ड्रेनेज समजावून सांगत होते, घर यांचंच असल्यासारखं. त्या खोलीत काहीच ओलं नव्हतं. मी भिंतीला हात लावून पाहिलं, पडद्याला पाहिलं, गादीखाली पाहिलं. मग मला रडू आलं. विशेष काही कारण नव्हतं, भिंत कोरडी होती म्हणून आलं. शंतनूच्या वेळी माझ्या आईने मला चिंचवडच्या सरकारी क्वार्टरमध्ये सव्वा महिना डांबून ठेवलं होतं. ऐन मे महिना, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, कानाला फडकं आणि दारं-खिडक्या गच्च. मी घामाने निथळायची आणि आईशी भांडायची की मला जरा वारा येऊ दे. आई म्हणायची, आत्ता वारा खाशील तर म्हातारपणी हाडं बोलतील. मी चोरून खिडकी उघडली होती. हाडं आता इथे येऊन बोलायला लागली आहेत, तीही अखंड. मनालीला शेक कसा द्यायचा हे मला काही केल्या सुचत नव्हतं. शेगडी नाही, कोळसा नाही आणि छताला तो धुराचा भोंगा. साधी लाल मिरचीची फोडणी दिली तर तो किंचाळून सगळी गल्ली उठवतो, मग बाळाला धुरी दिली तर नाव ठेवायच्या आधीच आगीचा बंब येईल. पण धुरीचं एक वेळ सोडून देता येईल. ज्या खोलीत मनाली झोपते तीही दक्षिणेचीच. तिथे ती स्वेटरवर जॅकेट घालून झोपते आणि पोटावर त्या जॅकेटची चेन लागत नाही. त्या चेनच्या फटीत माझा नातू किंवा नात आहे. मला परत पाठवलं तर त्या फटीवर पांघरूण घालायला कोण असणार, हा विचार माझ्या मनात आला आणि मग तो जाईचना.

खालून शंतनूचा आवाज आला. मी उश्या नीट करून जिना उतरले. तो थेट रविवारच्या पाळीवरून आला होता, अंगात गोदामाचं ते भगभगीत पिवळं जॅकेट, बूट दारात काढलेले आणि एका मोज्यातून अंगठा बाहेर. शॅरन त्याला किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, करून स्वयंपाकघराकडे न्यायला निघाली होती, नव्या ओट्याच्या उंचीचं काय करता येईल ते सांगत. शंतनूने माझ्याकडे बघितलं, यांच्या माकडटोपीकडे बघितलं, मग भिंतीवर घरघरणाऱ्या हीटपंपाकडे. माझा मुलगा लहानपणापासून हुशार, त्याला दोनदा सांगावं लागत नाही. मला वाटलं होतं की तो काहीतरी थातूरमातूर सांगेल आणि आम्हाला बाहेर काढील. चोराच्या मनात चांदणं, मी तर जिन्यावरच त्याच्यासाठी दोन सबबी तयार ठेवल्या होत्या.

"सॉरी," तो शॅरनला इंग्रजीत म्हणाला. "हे लोक घर घ्यायला येत नाहीत. इथे गरम असतं म्हणून येतात. आमच्या घरी नसतं."

ते ड्रेनेजवालं जोडपं एकदम टाइल्स बघायला लागलं. हे टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण धरणीवर उत्तम लाकडी फ्लोअरिंग होतं.  शॅरन पुढच्या दाराकडे गेली. येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ते सताड उघडं ठेवलेलं होतं आणि त्यातून गार वारा येत होता. ते तिने लावून घेतलं. मग स्वीट ॲज म्हणाली, म्हणजे काही हरकत नाही, आणि मी कुलूप लावेपर्यंत बसा असं सांगून कागद गोळा करायला लागली. बसायला माझी हिंमत झाली नाही. शंतनू मात्र होता तिथेच, हीटपंपाच्या बरोबर खाली उभा होता. गेलं वर्षभर त्याचे खांदे कानांना टेकल्यासारखे वर चढलेले असतात, मला वाटायचं ते फोर्कलिफ्टमुळे. ते हळूहळू खाली आले. त्याने डोळे मिटले. मला थंडी वाजतच नाही, आई, आय ॲम युज्ड टू इट, असं सांगणारा हा मुलगा. माझ्याइतकाच गारठलेला होता आणि मी त्याची आई असून मला ते एका घरविक्या बाईच्या दारात कळलं.

परत येताना पाऊस थांबला होता. शंतनू पुढे, आम्ही मागे. कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानापाशी, तो थांबला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "आई, मी तिकिटं बघतो. पुढच्या आठवड्यातली."

मी विचारलं, मनालीचं काय. तो म्हणाला, मी आहे ना. मी म्हटलं, तू फोर्कलिफ्टवर आहेस. त्यावर तो वळला आणि त्याचा चेहरा पाचवीत एका विषयात नापास झाल्याच्या दिवसासारखा दिसला. तो म्हणाला की मी तुम्हाला इथे स्वतंत्र खोली द्यायला आणलं. चिंचवडला आपण चौघं एका खोलीत झोपायचो, मी आणि ताई तुमच्या पायाशी, तेव्हाच मी ठरवलं होतं की मोठा झालो की आईबाबांना त्यांची खोली देईन. आणि आता तुम्ही टोपी घालून लोकांच्या दारात ऊब मागत फिरता. मला त्याचा राग आला, आणि त्या रागाच्या मागोमाग अशी माया आली की त्याला तिथेच डेअरीसमोर कुशीत घ्यावं, सहा फुटांच्या पिवळ्या जॅकेटवाल्याला. त्याने दिलेली ती खोली मला एक दिवसही आवडली नव्हती. इतक्या मोठ्या खोलीत आम्ही दोघं म्हातारी, मध्ये भिंत, भिंतीपलीकडे ती दोघं, आणि चौघंही आपापल्या गादीवर कुडकुडत एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प पडलेली. चिंचवडच्या खोलीत मला कधी थंडी वाजल्याचं आठवत नाही. पण हे त्याला कसं सांगणार. मुलाने कष्टाने दिलेली वस्तू नको म्हणायची म्हणजे त्याच्या तोंडावर फेकल्यासारखंच.

दाराला किल्ली लागली तशी आतून हीटपंपाची पीप ऐकू आली. तिघांनाही ऐकू आली. मनाली सोफ्यावर ब्लँकेट लपेटून बसली होती, हातात रिमोट, नाकाचा शेंडा लाल. खूप वेळ लावलाय हो, आई, असं ती म्हणाली. शंतनू मटकन खुर्चीत बसला आणि फोनवर तिकिटं बघायला लागला. मला खोकला आला. मी मिक्सरकडे गेले नाही. हॉलच्या मध्यभागी उभी राहून पोटभर खोकले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि मग पदराने तोंड पुसून म्हणाले, "शंतनू, फोन ठेव. आपल्याकडे सातव्या महिन्यापासून गर्भारशीला एकटं झोपवत नाहीत. घरातल्या सगळ्यांनी तिच्याभोवती एकाच खोलीत झोपायचं असतं. गाद्या आज हॉलमध्ये येतील."

शंतनू म्हणाला, हे मी कधी ऐकलं नाही. मी म्हटलं, तुझं हे पहिलंच बाळंतपण आहे. तो यांच्याकडे वळला. हे भिंतीवर टकटक करून बघत होते, त्यांनी या बायकांच्या गोष्टी आहेत, मला विचारू नकोस असं पुटपुटून वेळ मारून नेली. असली रीत आमच्याच काय, कोणाच्याच घराण्यात नाही. मी ती डेअरी ते घर एवढ्या अंतरात रचली होती. शंतनूनेही ती ओळखली असावी, कारण त्याने फोन ठेवला नव्हता.

"माझी आई पण असंच सांगायची," मनाली म्हणाली.

बारा वर्षांच्या पोरीला कोणती आई गर्भारपणाच्या रीती सांगते. मी मनालीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, ब्लँकेटचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि तिचे डोळे भरलेले होते. त्या क्षणी ती मला पोटच्या मुलीपेक्षा जवळची वाटली, हे मी ताईला कधीही सांगणार नाही.

 शंतनूने विचारलं, आणि हे कधीपर्यंत पाळायचं असतं. मी म्हटलं, बाळ झाल्यावर सव्वा महिना धरून. त्याने मनातल्या मनात महिने मोजले.

"म्हणजे इथली थंडी संपेपर्यंत," तो म्हणाला.

"शास्त्रच तसं आहे," मी म्हटलं. "त्याला मी काय करू."

तो माझ्याकडे बघत राहिला. हसेल असं वाटलं, पण हसला नाही, नुसता तळहाताने चेहरा खसाखसा पुसला. मग फोन खिशात टाकून उठला, आमच्या खोलीत गेला, आणि आतून त्याने गादीचं दुसरं टोक धरायला बाबांना हाक मारली.